इंजिन सगळ्यात शेवटी: मिठावर पळणारी गाडी घरी बांधायची तर

दर दोन-तीन महिन्यांनी मला असा एक फोन येतो. मुलगा पुण्याचा किंवा कोल्हापूरचा, कॉलेजात असताना बाहाच्या, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या गाड्यांच्या, स्पर्धेसाठी गाडी बांधलेला, आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात. पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, एक इंजिन स्वस्तात मिळतंय, घेऊन ठेवू का?" माझं उत्तरही ठरलेलं: नको. आधी खुर्ची आण.

फोनवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून लिहून काढतोय. मी काही विक्रमवीर नाही. आम्ही तिघांनी एका गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार घालवून, एक लहानशी गाडी बांधली आणि ती मिठाच्या सपाट मैदानावर वेगासाठी पळवली. पुढे जे सांगतो त्यातलं निम्मं आम्ही आधी चुकवलं आणि मग शिकलो.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या शर्यतीत शेजारी दुसरी गाडी नसते. सरळ रेषेत एकट्यानं पळायचं आणि घड्याळाला हरवायचं. त्यासाठी मैलोन्‌मैल सपाट जमीन लागते, म्हणून हा खेळ कोरड्या तळ्यांच्या तळावर वाढला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, स्थापन केली. तेव्हा गाड्या म्युरॉकच्या तळ्यावर पळायच्या. तिथं आता एडवर्ड्स हवाई तळ आहे. नंतर मोहावे वाळवंटातलं एल मिराज आलं. 1949 पासून युटामधल्या वेंडोव्हर गावाजवळच्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर 'स्पीड वीक' भरू लागला, तो आजही साधारण ऑगस्टमध्ये भरतो. साधारण म्हणतो, कारण मीठ ओलं असेल तर कुणाचंच काही चालत नाही. 2014, 2015 आणि 2022 ला स्पीड वीक रद्दच करावा लागला. रजा टाकताना हे लक्षात असू द्या.

पहिलं वर्ष काहीच बांधू नका

एक अख्खा हंगाम नुसतं बघण्यात घालवा. एल मिराजला पळायचं तर एससीटीएच्या एखाद्या सदस्य क्लबात असावंच लागतं, म्हणून क्लब शोधायचाच आहे. तो आताच शोधा आणि सभासद होऊन कामाला लागा. मार्गावर खुणेचे शंकू लावणं, रांग सांभाळणं, कुणाच्या तरी गाडीखाली ताडपत्री अंथरणं, असली कामं असतात. मिठाला तेल लागू नये म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाडी उभी करून तिच्यावर काम करायच्या जागी, गाडीखाली ताडपत्री सक्तीची आहे. ती अंथरायला हात दिलात की गाडीवाला हमखास बोलायला लागतो, आणि ही माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत. पट्टे कुठं बांधले, वजन कुठं ठेवलं, मागच्या वर्षी काय फुटलं, सगळं सांगतात. आपल्याकडच्या तालमीत जुना पैलवान पोराला जसं विनामोबदला शिकवतो, तसाच हा मामला आहे.

याच वर्षात नियमपुस्तिका दोनदा वाचा. ती दरवर्षी नवी निघते, त्यामुळे ज्या वर्षी पळणार त्या वर्षीचीच प्रमाण माना. पहिल्या वाचनात ती कंटाळवाणी वाटते. दुसऱ्या वाचनात कळायला लागतं की प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी अपघात आहे.

आणि एक प्रामाणिक सल्ला. पुढच्याच वर्षी पळायचं असेल तर बांधू नका, जुनी गाडी विकत घ्या. हौस संपलेल्या किंवा वय झालेल्या लोकांच्या धडधाकट गाड्या विकायला येत असतात आणि त्या नव्या बांधणीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतात. बांधायचीच असेल तर तीन वर्षं धरून चाला. आम्हाला चार लागली.

वर्ग ठरला की गाडी निम्मी ठरली

इथं प्रत्येक विक्रम एका वर्गात असतो आणि वर्ग दोन गोष्टींवर ठरतो: इंजिन किती घनक्षमतेचं आणि अंगकाठी कुठली. इंजिनांना अक्षरं आहेत. वरच्या टोकाला डबल ए, म्हणजे अवाढव्य व्ही-8. खाली उतरत गेलं की एच म्हणजे 1 ते 1.5 लिटर, आय म्हणजे 751 सीसी ते 1 लिटर, जे म्हणजे 501 ते 750 सीसी आणि के म्हणजे 500 सीसीपर्यंत. अंगकाठीत रस्त्यावरच्या कूपेपासून सगळीकडून झाकलेल्या स्ट्रीमलाइनरपर्यंत बरेच प्रकार आहेत. शिवाय इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर किंवा टर्बो आहे की नाही आणि इंधन कुठलं, यावर आणखी फाटे फुटतात. 'गॅस' वर्गात स्पर्धेच्या जागी मिळणारं पेट्रोलच भरायचं आणि टाकीला सील मारून घ्यायचं. 'फ्युएल' वर्गात मिथेनॉल, नायट्रोमिथेन वगैरे चालतं.

नवख्यानं काय निवडावं? माझं मत: आय वर्गातला गॅस लेकस्टर. लेकस्टर म्हणजे अंग निमुळतं, पण चारही चाकं उघडी. एका लिटरचं मोटरसायकलचं इंजिन जुन्या बाजारात सहज मिळतं, दोघांना उचलता येतं आणि बिघडलं तर घर विकावं लागत नाही. मोठ्या वर्गाचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तिथले विक्रम अशा लोकांनी केलेत ज्यांनी आयुष्य त्यात घातलंय.

आकडे बघा म्हणजे पटेल. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते: वेग दुप्पट केला की ताकद आठपट. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,280 मीटर उंचीवर आहे, उन्हाळ्यात तिथल्या हवेची घनता घनमीटरला जेमतेम 1 किलो भरते. साध्या सेडान गाडीचं पुढचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक साधारण 0.65 चौरस मीटर धरला, तर ताशी 200 मैलांना निव्वळ वाऱ्यासाठी 310 अश्वशक्ती खर्च होते. हाच गुणाकार 0.3 वर आणलात तर 145 पुरते. आणि त्या 0.3 च्या गाडीला ताशी 160 मैलांसाठी वाऱ्यापोटी फक्त 75 अश्वशक्ती लागते. मिठाचा रोध आणि साखळीतलं नुकसान यांत भर घालतं, तरी लिटरभराच्या इंजिनाच्या आवाक्यातलं आहे. शंभर अश्वशक्ती विकत घेण्यापेक्षा खांदे आक्रसून बसणं स्वस्त.

हे गणित याच खेळातल्या बिल बर्क यांनी दुसऱ्या महायुद्धात असताना डोळ्यांनी मांडलं. प्रशांत महासागरातल्या तळावर त्यांनी लढाऊ विमानांच्या टाकून देण्याच्या इंधन टाक्या पाहिल्या. थेंबासारख्या आकाराच्या, वाऱ्यासाठीच घडवलेल्या. 1946 मध्ये त्यांनी पी-51 विमानाची 165 गॅलनची टाकी घेऊन तिच्यात गाडी बसवली आणि ताशी 131 मैलांच्या पुढे नेली. पुढे पी-38 ची मोठी टाकी वापरली, कारण पहिलीत माणूस नीट मावत नव्हता. 'बेली टँक', म्हणजे पोटाखालची टाकी, हे नाव तिथून आलं. अॅलेक्स झायडियास यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची लाल-पांढरी टाकी 1952 मध्ये ताशी 198 मैलांपर्यंत गेली. आज अस्सल टाक्या संग्राहकांच्या दिवाणखान्यात गेल्या आहेत. आपण नळ्यांची चौकट करायची आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास चढवायचं.

आधी खुर्ची, मग केज, मग बाकी सगळं

आधी कळस मग पाया करणारे आम्हीही होतो. इंजिन आणलं, चाकं आणली, भोवती सुंदर चौकट बांधली आणि मग त्यात मी बसायला गेलो. हेल्मेट घालून मान सरळच होईना. दोन महिन्यांचं वेल्डिंग ग्राइंडरनं कापलं. म्हणून सांगतो:

जो चालवणार तो माणूस, पूर्ण कपड्यांनिशी. आगरोधक सूट, बूट, हातमोजे, हेल्मेट, मानेचा आधार, सगळं चढवून त्याला जमिनीवर ठेवलेल्या खुर्चीत रेला. मग त्याच्याभोवती प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपांनी आणि पुठ्ठ्यानं खोटी गाडी बांधा. गुडघे कुठं लागतात, स्टिअरिंग फिरवताना कोपर कुठं आपटतं, पायाच्या बोटांपलीकडून समोरचं दिसतं का, हे बघा. त्याला तासभर तसाच बसवून ठेवा. स्पर्धेच्या रांगेत उन्हात इतकं थांबावं लागणारच आहे. पाठ दुखायला लागली तर आताच कोन बदला. पुठ्ठा कापायला पैसे पडत नाहीत.

मग केज, म्हणजे चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा. नळीचा व्यास, भिंतीची जाडी, कुठं किती आडव्या-तिरक्या, हे सगळं नियमपुस्तिकेत आहे; त्यात स्वतःची अक्कल फक्त वाढवायला वापरा, कमी करायला नको. बाहाची केज बांधलेल्यांना इथं एक सवय मोडावी लागते. तिथं प्रत्येक किलो वाचवायचा असतो. इथं वजन शत्रू नाही, त्यामुळे पातळ क्रोमोलीच्या (जास्त मजबूत मिश्र पोलादाच्या) मागे न लागता जाड साधं पोलाद घ्या. ते वेल्डिंगला क्षमाशील असतं. जोडाच्या ठिकाणी नळीच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच अशी काढा की दुसऱ्या नळीवर टेकवून दिव्यासमोर धरली तरी फटीतून उजेड दिसू नये. फट वेल्डनं भरून काढणं म्हणजे पोटात दुखत असताना कपाळाला बाम लावणं. आधी सगळी केज नुसते टाके मारून उभी करा, मापं पुन्हा घ्या, मग समोरासमोरचे जोड आळीपाळीनं पक्के करा. एका बाजूनं सलग वेल्ड करत गेलात तर आख्खी चौकट केळ्यासारखी वाकते. आणि वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर केजपुरतं येणाऱ्याकडून करून घ्या. कंस, टेकू, बॅटरीचा डबा यांवर हात बसवा.

चालकाला खुर्चीत बांधणाऱ्या पट्ट्यांचा कोन हा आमच्या पहिल्या तपासणीत निघालेला दोष. खांद्याचे पट्टे खांद्याच्या फार खालून मागे नेले होते. अपघातात ते मणक्याला खाली दाबतात. तपासनीसानं काही न बोलता फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. समजलं. पट्ट्यांवर तारीख असते, मुदत संपलेले चालत नाहीत, म्हणून ते बांधणीच्या शेवटच्या वर्षी विकत घ्या. हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून मनगट-कोपरांनाही पट्टे लागतात. हेल्मेट स्नेल या तपासणी संस्थेच्या एसए, म्हणजे मोटारशर्यतीसाठीच्या, प्रतीचं हवं. मोटरसायकलचं कितीही महागडं असलं तरी चालत नाही, कारण त्याच्या आतलं अस्तर आगीसाठी केलेलं नसतं.

चाकं: इथं कंजुषी नको

ताशी 200 मैल म्हणजे सेकंदाला 89.4 मीटर. 26 इंच व्यासाचं चाक त्या वेगाला मिनिटाला सुमारे 2,590 फेरे घेतं. त्याच्या परिघावर चिकटलेल्या 10 ग्रॅमच्या मिठाच्या खड्याला बाहेर ओढणारा जोर जवळपास 25 किलोइतका होतो. टायरच्या रबराच्या प्रत्येक कणाला हेच लागू. म्हणून जाड नक्षीचे टायर घालत नाहीत. रबराचा थर जितका पातळ तितका तो टिकतो. हवेच्या तोंडावरचं दोन ग्रॅमचं प्लास्टिकचं टोपणही रिमवर पावणेतीन-तीन किलोचं होतं आणि उडतं किंवा आतली पिन दाबून हवा सोडतं, म्हणून टोपण धातूचंच लागतं. दीड-दोन डॉलरची वस्तू, पण तीच नसल्यामुळे लोकांना रांगेतून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

रस्त्यावरच्या टायरवर वेगाचं अक्षर असतं: व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर, डब्ल्यू 270, वाय 300. खालच्या वेगांना असे टायर कामी येतात. त्याच्या वर खास याच खेळासाठी बनवलेले घ्यावे लागतात. ते महाग आहेत. दोघा-तिघांत मिळून वापरतात, एकमेकांना उसने देतात. उसने घेतलेत तर तारीख आणि किती फेऱ्या झाल्या ते विचारून घ्या.

सरळ जाणं

बॅडमिंटनचं फूल कसंही फेका, बूच पुढे होऊनच जातं. वजन पुढे, पिसारा मागे. गाडीचंही तेच. वस्तुमानाचा मध्य वाऱ्याच्या दाबाच्या मध्याच्या पुढे असेल, तर गाडी थोडी वळली तरी वारा तिला सरळ करतो; मागे असेल, तर तोच वारा तिला गरकन फिरवतो. नवखे लोक याला दुय्यम मानतात आणि मिठावरचे गिरके बहुतेक इथंच जन्मतात.

मोजायचं कसं? वजनाचा मध्य सोपा आहे: चारही चाकांखाली काटे ठेवा, चालक आत बसवा, पुढच्या काट्यांवर एकूण वजनाचा जितका हिस्सा येईल, मागच्या अॅक्सलपासून तितका हिस्सा पुढे मध्य असतो. दाबाच्या मध्यासाठी घरगुती युक्ती आहे. गाडीचं बाजूनं दिसणारं चित्र पुठ्ठ्यावर कापा आणि तो पुठ्ठा बोटावर तोला. तो जिथं तुलतो तो झाला क्षेत्रफळाचा मध्य. पण फसू नका, थेंबासारख्या लांबट अंगावर खरा दाबाचा मध्य या बिंदूच्याही बराच पुढे सरकलेला असतो. म्हणून पुठ्ठ्याचा मध्य वजनाच्या मध्याच्या भरपूर मागे पडला पाहिजे. पडत नसेल तर दोन उपाय: मागे उभं शेपूट वाढवा, पुढे शिसं किंवा पोलाद बसवा. आमच्या गाडीच्या नाकात पोलादाच्या लाद्या आहेत. बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतं, पण मिठावर पकड डांबराच्या निम्म्याच्या आसपास असते आणि वजनामुळे चाकांना थोडा तरी दात मिळतो. लाद्या मात्र बोल्टनं चौकटीला पक्क्या बांधा. सुटी लादी म्हणजे आत ठेवलेला तोफगोळा.

स्टिअरिंग मंद ठेवा. ताशी 150 मैलांना अर्धा इंच हात हलला तरी पुरे होतं. पुढच्या चाकांना कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) रस्त्यावरच्या गाडीपेक्षा बराच जास्त द्या. सस्पेन्शन नसलं तरी चालतं, बऱ्याच लेकस्टरना नसतं.

थांबणं आणि आग

मिठावर ब्रेक हे सभ्य वेगासाठी असतात. जोरात दाबलेत तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. खरं थांबवतं ते अंतर, आणि वेग मोठा असेल तर पॅराशूट. त्याचा दोर गाडीला वजनाच्या मध्याच्या उंचीवर बांधायचा. वर बांधला तर नाक उचलतं, खाली बांधला तर मागची चाकं हलकी होतात. तो ओढायची दांडी पट्टे आवळलेल्या अवस्थेत, हातमोजे घालून, डोळे मिटून सापडली पाहिजे. घरी अंगणात पन्नास वेळा ओढा. पॅराशूटची छत्री स्वतः घडी करायला शिका.

क्रेग ब्रीडलव्ह यांच्या जेट गाडीनं 15 ऑक्टोबर 1964 ला बॉनव्हिलवर ताशी 526 मैलांची सरासरी नोंदवली, आणि त्याच दौडीत छत्र्या तुटल्या. गाडी तारेचे खांब तोडत जाऊन खाऱ्या पाण्याच्या डबक्यात नाक खुपसून थांबली. ते पोहून बाहेर आले. आपली गाडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं पळणार, पण मैदान तेच आहे.

आगीसाठी चालक आणि इंजिन दोघांकडे तोंडं असलेली विझवण्याची यंत्रणा, मध्ये छिद्ररहित पत्र्याची भिंत, इंधन बंद करायची खटकी हाताशी आणि वीज तोडायची खटकी बाहेरून कुणालाही दिसेल अशी. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक तारेभोवतीची फट बुजवा. लोक इथंच नापास होतात.

आता इंजिन

आता आणा ते. आणि त्याला जसं कारखान्यातून आलंय तसंच पहिलं वर्ष राहू द्या. पातळ हवेमुळे मिठावर समुद्रसपाटीपेक्षा पंधरा-वीस टक्के ताकद कमी मिळेल; कार्बोरेटर असेल तर त्यातले जेट, म्हणजे इंधन सोडणारी भोकं, लहान लागतील. इंजिनाला इथं एक वेगळीच शिक्षा असते: पूर्ण थ्रॉटलवर दोन-अडीच मैल, न थांबता. रस्त्यावर कुठलंच इंजिन असं राबत नाही. तेलाची टाकी मोठी करा, पाण्याच्या थंडाव्यासाठी रेडिएटरऐवजी साधी पाण्याची टाकीही पुरते, कारण सगळा खेळ दीड-दोन मिनिटांचा.

गिअरचं गणित कागदावर करा. समजा 7,000 फेऱ्यांना इंजिनाची ताकद शिखरावर आहे आणि चाकाला 2,590 फेरे हवेत. भागाकार 2.7. पण मिठावर चाक घसरतं. पाच टक्के घसरण धरली तर चाक 2,720 फेरे घेतं, मग गुणोत्तर 2.57 लागतं. साखळीची गाडी असेल तर मागचं चक्र बदललं की झालं. तीन-चार मापांची चक्रं बरोबर न्या. उंच गिअरमुळे गाडी स्वतःहून उठत नसेल तर मागून ट्रकनं ढकलून सुरुवात करतात, त्याला कुणी हसत नाही. फक्त ढकलदांडा आणि गाडीची मागची पट्टी घरीच जुळवून पाहा.

इथं एका म्हाताऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो यांनी 1920 सालची इंडियन स्काउट मोटरसायकल आयुष्यभर आपल्या शेडमध्ये घासली, पिस्टनसुद्धा घरी ओतले, आणि 1967 मध्ये, 68 व्या वर्षी, बॉनव्हिलवर एक लिटरच्या आतल्या वर्गात ताशी 184 मैलांचा विक्रम केला. गाडी नव्हे, दुचाकी; पण आय वर्ग लहान वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. चारचाकीत अॅल टीग यांचं उदाहरण आहे. लेकस्टर म्हणून सुरू झालेली गाडी त्यांनी वर्षानुवर्षं घरीच वाढवत नेली आणि एकाच इंजिनावर 1991 मध्ये ताशी 409 मैलांच्या पुढे जाऊन समर्स बंधूंच्या चार इंजिनांच्या गोल्डनरॉडचा 1965 पासूनचा विक्रम (जेट नव्हे, पिस्टन इंजिनानं चाकं फिरवणाऱ्या गाड्यांमधला) मागे टाकला.

मैदानावर

आधी तपासणी. नव्या गाडीला तास न्‌ तास लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी, पहाटे जा. पूर्ण पोशाखात, पट्टे बांधून, इशारा झाल्यावर स्वतःहून बाहेर पडून दाखवावं लागतं. घरी याचा सराव स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून करा. आई-बायकोला बघू द्या, त्यांनाही बरं वाटतं.

नवख्यांना आधी मार्ग फिरवून दाखवतात: कुठून निघायचं, कुठं घड्याळ, कुठल्या बाजूला वळून बाहेर पडायचं. परवाना पायरीपायरीनं मिळतो. त्या पायरीला ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गेलात तर टाळ्या पडत नाहीत, बोलणी बसतात. पळताना पाय हळू सोडा. वेगात थ्रॉटल झटकन सोडला की वजन पुढे जातं, मागचं टोक हलकं होतं आणि गाडी फिरते. फिरलीच तर क्लच दाबा, छत्री ओढा, हात आत ठेवा.

बॉनव्हिलवर एक दौड जोरात झाली म्हणजे विक्रम होत नाही. जुना आकडा ओलांडलात की गाडी इम्पाउंडमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या आवारात, जाते, तिथं कामाला चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळायचं. दोन्हींची सरासरी धरतात. मिकी थॉम्प्सन यांनी 1960 मध्ये एका दिशेनं ताशी 406.6 मैल गाठले, पण परतीच्या दौडीत गाडीनं दगा दिला आणि तो आकडा विक्रमाच्या वहीत गेला नाही. म्हणून पहिल्या दौडीत इंजिन पिळून काढू नका, उद्याही ते लागणार आहे. एल मिराजला मात्र एकाच दौडीवर भागतं. तिथं मार्ग 1.3 मैलांचा, शेवटी घड्याळ, आणि खाली मीठ नाही, माती. लॉस एंजेलिसकडच्या माणसाला पहिली धाव तिथं घेणं सोयीचं.

बरोबर काय न्यायचं: तुमच्या अंदाजाच्या दुप्पट पाणी, सावलीचा मांडव, ताडपत्री, सुटे बोल्ट. मीठ खालून ऊन परतवतं, त्यामुळे नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही क्रीम लावा. पहिल्या वर्षी मी हसलो होतो आणि आठवडाभर नाक सोललं. जेवणाला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. चटणीत मीठ कमी घाला, हवेतूनच पुरेसं येतं.

परतल्यावर

वेंडोव्हरमधून निघण्याआधी गाडी धुवा. ट्रेलरही धुवा. घरी पोचल्यावर पुन्हा धुवा, कोमट पाण्यानं, पत्रे काढून, नळ्यांच्या कोपऱ्यांत पाइप घालून. ब्रेकचे कॅलिपर उघडा, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस बदला, विजेच्या जोडण्या सोडवून पुसा, साखळी सरळ टाकून द्या. न धुतलेलं अॅल्युमिनियम महिन्याभरात पांढरी भुकटी सोडायला लागतं. बोल्ट आत्ताच सोडवून तेल लावून ठेवा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात ते कापावे लागतील. परवा खुर्चीखालची पट्टी काढली तेव्हा मला चिमूटभर मीठ सापडलं. ती पट्टी मी स्वतः दोनदा धुतली होती.